मोफत शिक्षणासाठी मंगळसूत्र गहाण! शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी जत तालुक्यातला गवंडी. मंगळवारी पोरीला घेऊन इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी सांगलीला गेलो होतो. जुलै 2024 मध्ये सरकारनं आदेश काढला की 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्या बातमीचं कात्रण पिशवीत होतं. खिडकीतल्या क्लार्कनं त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी भरा, शासनाकडून आले की परत देऊ." वर डेव्हलपमेंट फी वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी. एकूण 42 हजार, तेही शनिवारच्या आत. नाहीतर सीट गेली म्हणे.

साहेब, दाखला काढतानाच माझे 4 खाडे झालेत. तलाठी, सेतू, तहसील, परत तलाठी. दाखला निघाला 96 हजारांचा. आमच्याकडच्या एका खडी क्रशरवाल्याचा निघाला 90 हजारांचा. म्हणजे तो माझ्यापेक्षा 6 हजारांनी गरीब! मागच्या साली त्याच्या बंगल्याचं प्लास्टर मीच केलंय, 3 मजले.

आणि तुमचे ते 8 लाख. महिन्याला 66 हजार कमावणारा आर्थिक दुर्बळ, आणि मीही दुर्बळ. दोघं एकाच रांगेत, पुढं निवड मार्कांवर. त्याच्या पोराला लाखाचा क्लास. माझी पोर ज्वारी काढून आल्यावर रात्री मोबाईलवर गणितं बघायची. तिच्या वर्गात निम्म्या मुलींना आधी पैसे भरायला लावलेत, असं ती सांगते. मी मोजायला गेलो नाही, तुम्ही मोजा. तुमच्याकडे माणसं आहेत. त्या 8 लाखांच्या आत लाखाच्या खालच्यांची वेगळी रांग करता येत नाही का? ते करायला काय समिती लागते?

2022 ला आमच्याकडची पाण्यावाचूनची गावं कर्नाटकात जातो म्हणाली, तेव्हा मंत्री धावत आले होते. पोरीच्या फीसाठीही तसंच म्हणायचं का? पाणी मागा, अर्ज करा. फी मागा, अर्ज करा. पोर्टल बंद, उद्या या. आमचं निम्मं आयुष्य झेरॉक्सच्या दुकानासमोर गेलं.

शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी बोर्डिंग चालवलं, तेव्हा पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. शाळेत हे ऐकताना आम्ही रडलो होतो. बुधवारी माझ्या बायकोनं तिचं सोनाराकडे ठेवलं. लक्ष्मीबाईंच्या वेळी निदान सरकारनं 'मोफत' म्हणून सांगितलं तरी नव्हतं.

पैसे भरले. पावतीवर फक्त 'डिपॉझिट' लिहून दिलंय. सोनाराचं व्याज महिना 2 टक्के आहे. ते आपल्या कुठल्या योजनेत बसतं तेवढं कळवावं, म्हणजे त्याचाही दाखला काढायला लागतो.

आपला,
जत तालुक्यातला एक आर्थिक दुर्बळ (दाखला जोडला आहे)