गोव्यातल्या साखळीच्या पायलटदादांना, सांगलीहून

पायलटदादा, नमस्कार. (पायलट म्हणजे गोव्यात मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारे, हे आमच्या सांगलीकरांसाठी.)

स्टँडवर उतरून "साखळी बघायची आहे" म्हटलं, तेव्हा तुम्ही आधी आम्हा मायलेकींना नीट न्याहाळलंत. पूर नुकताच ओसरलेला, त्यामुळे ते साहजिकच होतं. सांगलीच्या म्हटल्यावर मात्र सूर बदलला. 2019 ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं होतं आणि लोक आमच्या घरांचे फोटो काढत फिरत होते, हे तुम्हाला आईनेच सांगितलं.

आईला तुम्ही आपल्या मागे बसवलंत, मला तुमच्या दोस्ताच्या गाडीवर. "बाजारांत मागीर वचूंया," म्हणजे बाजारात नंतर जाऊ, एवढंच म्हणालात. कारण नंतर कळलं. दुकानदार चिखल उपसत होते आणि आम्ही पायात पायात आलो असतो.

वाळवंटी नदीच्या पुलावर तुम्ही जे समजावून सांगितलंत ते कुठल्याही गाईडने सांगितलं नसतं. वर घाटात पाऊस कोसळतो, अंजुणे धरणातून पाणी सोडावं लागतं आणि खाली मांडवीला भरती असली की नदीला पुढे सरकायला वाव राहत नाही. नदी चढली की नाल्याची दारं बंद करायची आणि बाजारात साचलेलं पाणी पंपांनी नदीत फेकायचं. पंप कमी पडले की रात्र जागायची.

विठ्ठलापूरच्या घाटावर गाळ होता. आईचं कोपर धरून तुम्ही "पाय आडवो घाल, आई" म्हणत एकेक पायरी उतरवलीत. तिचे गुडघे मला माहीत आहेत, मी तिला खाली नेलंच नसतं. पांडवांची जांभ्या दगडातली लेणी निवांत दाखवलीत, पण हरवळ्याच्या धबधब्याजवळ जायला साफ नकार. रुद्रेश्वराच्या देवळापासूनच बघा म्हणालात. मी जरा हट्ट केला, तुम्ही बधला नाहीत. बरं झालं.

मग बाजार. कापडाच्या दुकानात मालक पंख्याखाली चोपडीची ओली पानं पट्टीने अलगद सोडवत होते. उधारीची नावं निळ्या डागांत मिसळलेली. तुम्ही मोबाईल खिशात ठेवायची खूण केलीत आणि आईला म्हणालात, "कितें तरी घेया." तिने दोन टॉवेल घेतले, घासाघीस न करता (हे आमच्या घरात कोणी खरं मानत नाही). शेजारच्या हॉटेलात पातळभाजी-पाव आणि कडक चहा.

भाडं मात्र चोख घेतलंत, थांबल्या वेळेसकट. तेही आवडलं. पुरात तुमचेही दिवस बुडालेच होते.

फिरायला जाणाऱ्या कुणाच्या हाती हे पत्र लागलं, तर सांगते: साखळीत आधी पायलटला विचारा, आज कुठे जाऊ नये. आम्ही त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत सोडतात त्या सजवलेल्या नौका बघायला येतोय. गर्दी असते म्हणे, तेव्हा दोन गाड्या धरून ठेवा. आई तुमच्याच मागे बसणार.

तुमची,
सांगलीची एक प्रवासी