काळी दोनचा तार पंचम

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या आठवड्यात तू अभंगाच्या ध्वनिमुद्रणासाठी मिरजेहून इकडे येतो आहेस आणि संगीतकारांनी तुझ्या नेहमीच्या काळी एकऐवजी काळी दोन पट्टी (पेटीवरच्या पहिल्या काळीऐवजी दुसऱ्या काळीवर षड्ज) ठरवली आहे, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. काळी एकमध्ये तुझा तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला प, सेकंदाला साधारण 415 कंपनांचा असतो, तो काळी दोनमध्ये 466 च्या आसपास जातो. म्हणजे बैठकीत तू जिथे क्षणभर स्पर्श करून परततोस, त्याच्याही वर तुला शब्द घेऊन थांबायचे आहे.

तरीही तो स्वर तू घ्यावास असे मला मनापासून वाटते, कारण शेवटच्या अंतऱ्यातली आर्तता खालच्या पट्टीत उतरत नाही. स्वरतंतू ताणले जाऊन पातळ झाले की स्वर चढतो. श्वासाचा दाब अनावर वाढवला, तर ते एकमेकांवर आपटतात, मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज केवळ मोठा होतो. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकांना कर्ण्यात जोराने गाणे भाग होते, पण तुझ्यासमोरचा माइक कुजबुजही टिपतो आणि गळ्यावरचा ताणही. म्हणून वर जाताना आवाज हलका ठेव, आणि तिथे ईकार आला तर तोंड मिटू न देता तो किंचित एकाराकडे झुकू दे.

माझ्या मते स्टुडिओत आवाज फाटतो तो पट्टीपेक्षा हेडफोनमुळे अधिक. पखवाज आणि टाळ कानात मोठ्याने वाजत असले, की स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून गाणारा नकळत जोर लावतो. तेव्हा रेकॉर्डिस्टला साथ कमी करायला अवश्य सांग. मी तर एक कान मोकळा ठेवूनच गातो.

तो एकच स्वर वेगळा गाऊन नंतर जोडू, असे कोणी सुचवले तर कृपया मान्य करू नकोस. आधीच्या शब्दातून एका श्वासात वर चढताना जी ओढ निर्माण होते, ती सुट्या स्वरात येत नाही. संगणकावर सूर नेमका करता येतो, पण आवळलेला गळा सैल करता येत नाही. आवाज तापला की अंतरा लगेच घे, संध्याकाळपर्यंत लांबवू नकोस.

डिसेंबरातली इथली हवा कोरडी असते. ऐन वेळी प्यायलेले पाणी स्वरतंतूंपर्यंत थेट पोहोचत नाही, म्हणून सकाळपासूनच थोडे थोडे पीत राहा, वाफ घे आणि खाकरणे टाळ. आवाज घोगरा झाला किंवा गळा दुखू लागला, तर तिथेच थांब. संगीतकारांना पांढरी दोनमधला, म्हणजे अर्धा स्वर खालच्या पट्टीतला, ट्रॅकही आधीच तयार ठेवायला सांग, म्हणजे आयत्या वेळी सगळ्यांची अडचण होणार नाही.

उतरायला घरीच ये; सकाळी आपण दोघे खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, लावू आणि मगच स्टुडिओत जाऊ.

तुझा,
जिवलग मित्र