दाव्यातलं कोणतं काम कुणाचं, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या

प्रति, सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, इंदूर

सप्रेम नमस्कार.

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेला माणूस भरपाईच्या दाव्यासाठी वकालतनाम्यावर सही करतो आणि आता सगळं वकीलसाहेब बघतील, असं धरून घरी जातो. वकील धरून चालतात की कागद पक्षकार आणून देईल. आपण वकील नेमून देता तेव्हा एक पानभर कामवाटप मराठी-हिंदीत दोघांच्या सह्यांनी करून घ्या, ही आमची मागणी.

कागद जमवणं पक्षकाराचं. औषधांची बिलं आता थर्मल कागदावर येतात आणि साक्षीची तारीख लागेपर्यंत पार पुसट होतात. बिल मिळेल त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत टाचावी. चिठ्ठी नसलेल्या बिलावर विमा कंपनी हरकत घेते. शिवाय आपली आडनावं! हिंदी कागदांवर काळ्यांचे ‘काले’ होतात, गोळ्यांचे ‘गोले’. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि पासबुक यांत फरक असेल तर तो अर्ज करण्याआधीच वकिलाला दाखवावा. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज, पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का, चालकाचा परवाना, हे सारं वकिलाचं. अपघात धार जिल्ह्यात धामनोदजवळ झाला तरी जखमी इंदूरचा असेल तर अर्ज इंदुरात चालतो. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला तरी त्या भरवशावर थांबू नये.

खरं नुकसान होतं ते डॉक्टरांच्या साक्षीत. अपंगत्वाचा दाखला फायलीत लागतो, पण तो सिद्ध करायला डॉक्टरांना बोलवायचं कुणी, त्यांचा भत्ता भरायचा कुणी, हे ठरलेलंच नसतं. महिना १५,००० कमावणारा ३४ वर्षांचा रंगारी घ्या. कमाईची ताकद २० टक्के गेली तर वर्षाचे ३६,०००, वयावरून ठरणारा गुणक १६, म्हणजे ५,७६,००० रुपये. पुढची उत्पन्नवाढ वेगळी. साक्ष झाली नाही तर ही सगळी रक्कम धोक्यात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाप्रमाणे पायाच्या अपंगत्वाचा टक्का तसाच उचलून चालत नाही. त्या पायाने कोणतं काम सुटलं ते पाहावं लागतं. शिडी चढता येत नाही, हे पक्षकाराने वकिलाला सांगायचं. समन्सचा अर्ज वकिलाने द्यायचा. भत्ता कुणी भरायचा ते त्या पानावर लिहायचं.

फीही तिथेच लिहावी. मिळणाऱ्या भरपाईत टक्का ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे जखमीच्या घरच्यांना कुणी सांगत नाही.

अपघातानंतर दहा दिवसांत पोलिसांनी जखमीला हक्कांची माहिती लेखी द्यायची असते. हे पान त्यालाच जोडून द्यावं, आणि एमवाय या सरकारी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डाबाहेरही लावावं.

आपले,
इंदूरचे काही मराठी नागरिक