फॉर्म तुम्ही भरला नाहीत, म्हणून आभार

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये मे-जूनला प्रवेशाच्या मदतीची जी टेबलं लागतात, त्यांची घडी तुम्ही बसवून दिलीत. आभाराची पत्रं तुम्हाला पुष्कळ आली असतील आणि त्यांतल्या बहुतेकांत 'प्रेरणा' हा शब्द असेल. आम्हाला आभार मानायचे आहेत ते एका नकाराचे. बाप कितीही अजिजीने म्हणो, पोर कितीही घाबरलेलं असो, 'आण इकडे, मीच भरून देते' हे वाक्य तुम्ही टेबलावर येऊ दिलं नाही. कीबोर्डवर हात मुलाचाच. शेजारच्याने फक्त वाचून दाखवायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हेच त्यातलं अवघड काम, हेही तुम्हीच सांगून ठेवलंत.

या हट्टाचा अर्थ शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी कळतो. नेट कॅफेत गर्दी असते, चालक घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून खातं उघडतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पहिलं वर्ष निभावतं. दुसऱ्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, नूतनीकरणाला बसलं की ओटीपी त्या नंबरवर जातो आणि तो नंबर कधीच बंद पडलेला असतो. नूतनीकरण राहिलं की शुल्काची बाकी मुलाच्या नावावर चढते आणि पुढे परीक्षेचा फॉर्म अडतो. असं पोर घरी परतलं की लोक 'अभ्यास झेपला नाही' म्हणून मोकळे होतात. म्हणून घरातला न बदलणारा नंबर, पासवर्ड मुलाच्या हाताने लिहिलेला आणि मुलाच्याच घरी. टेबलावरच्या फोनमध्ये कोणाच्या आधारचा फोटो उरता कामा नये, ही तुमची ताकीद तेव्हा अती वाटायची. आता वाटत नाही.

दुसरे आभार कागदांच्या क्रमाबद्दल. कागदांची यादी कोणीही देतं, सेतू केंद्राच्या भिंतीवरही ती चिकटवलेली असते. पण कोणता कागद कोणाच्या आधी, हे तुम्ही सांगितलंत. उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय नॉन-क्रिमिलेअर (ओबीसी वगैरेंना लागणारा, प्रगत गटात नसल्याचा दाखला) नाही, जातीच्या दाखल्याशिवाय व्हॅलिडिटी (पडताळणी समितीचं जात वैधता प्रमाणपत्र) नाही, आणि व्हॅलिडिटीला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. म्हणून ती अकरावीतच, ज्युनिअर कॉलेजमार्फत. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला तर हातात नुसती पोच राहते. त्या पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला, तरी ठरलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही की राखीव जागा जाते आणि खुल्या गटाचं शुल्क समोर उभं राहतं.

व्हॅलिडिटीच्या फाइलमध्ये अडतं ते जुन्या पुराव्यावर. मानीव तारखा तुम्ही टेबलाच्या फळीवरच लिहून ठेवल्या होत्या: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखेआधीची जातीची आणि राहण्याची नोंद वडिलांकडच्या घराण्यात शोधायची. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर. गेले नसतील, आणि बहुतेक घरांत तसंच असतं, तर गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. ती मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यायचं आणि तो वेळ वेगळा धरायचा. चुलत्याची किंवा चुलत भावाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर वंशावळीत त्याचं नाव नीट बसवायचं. इथे घोळ होतो तो नावांचा: कोतवाल बुकात 'धोंडू', शाळेत 'धोंडिबा', सातबाऱ्यावर 'धोंडीराम'. माणूस एकच आहे हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहायचं, समितीच्या अंदाजावर सोडायचं नाही.

नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांचा दाखला) यांतला फरक तर अजूनही शिकलेल्या माणसांना सांगावा लागतो. दोन्हीकडे आकडा 8 लाखांचाच, म्हणून लोक एकच हिशोब दोन्हीकडे लावतात. नॉन-क्रिमिलेअरला आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ईडब्ल्यूएसला सगळं धरतात. नोकरदार बापाच्या ओबीसी मुलीने 'आपलं उत्पन्न जास्त' म्हणून दाखला काढलाच नाही, असं होतं ते यामुळे. शिवाय राज्याच्या प्रवेशाचा नमुना वेगळा, केंद्रीय संस्थांचा वेगळा, आणि नॉन-क्रिमिलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागतच नाही, तरी सेतूच्या रांगेत त्यांचीही पोरं उभी असायची. तुम्ही त्यांना हाताला धरून घरी पाठवायचात.

बँकेच्या खात्याची तुमची परीक्षा एका प्रश्नाची होती: 'आधार लिंक आहे' म्हणजे नक्की कुठे? खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत अनुदानासाठी ते खातं असणं वेगळं. त्या नोंदीत एका आधारावर एकच बँक असते. मुलाने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडताना संमतीच्या चौकटीवर खूण केली की शिष्यवृत्ती तिकडे वळते आणि जुन्या पासबुकात वर्षभर शोधाशोध चालते. अर्ज करायच्या आदल्या दिवशी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहायची, बँकेचं नाव वहीत उतरवायचं. पाच मिनिटांचं काम.

ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची, रात्र मात्र पाच मिनिटांत उरकत नसे. कट-ऑफच्या यादीतली ती अगम्य अक्षरं तुम्ही पहिल्यांदा फोडून सांगितलीत: सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी, मधे प्रवर्ग, शेवटचं एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे त्याबाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. मुलीने जी आणि एल दोन्ही रांगा वाचायच्या. मग नियम असा की पसंतीक्रम इच्छेने लावायचा, अंदाजाने नाही. यंत्रणा यादी वरून खाली वाचते. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. 'एवढे गुण कुठे आहेत' म्हणत आवडीचं कॉलेज अकराव्या क्रमांकावर टाकणारा मुलगा स्वतःच्या हाताने दार लावतो.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. अभियांत्रिकीला 2025-26 पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हेच लागू झालं. म्हणून वरची सहा नावं आधी कागदावर, पेन्सिलने, घरच्यांसमोर. जिथे जायचंच नाही ते त्या सहांत नको. ट्यूशन फी माफीच्या जागेचा कोड वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो, आणि माफी फक्त शिक्षण शुल्काची. विकास शुल्क, मेस, वसतिगृह यांचा खर्च उभाच. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली, तीही 8 लाखांच्या मर्यादेत आणि कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, आलेल्या प्रवेशालाच. संस्थेच्या कोट्यातून आधीच पैसे भरून बसलेल्या घरांना हे सांगताना तुमचा आवाज कडक व्हायचा. बरोबरच होतं ते.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाइतकाच महत्त्वाचा धरणं हीदेखील तुमचीच शिस्त. शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना, राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी. पण त्यासाठी आधी वसतिगृहाकडे अर्ज केलेला असावा, तो नाकारल्याचा कागद जपावा, हे मुलांना ऑक्टोबरमध्ये कळतं. तुम्ही जूनमध्ये सांगत होता.

आणि बी.ए., बी.कॉम.ची मुलं! कॅप नाही म्हणून यांना मदत लागत नाही, असं बहुतेक टेबलांनी गृहीत धरलेलं असतं. विज्ञानवाल्यांची रांग संपली की टेबल उचललं जातं. प्रत्यक्षात तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहतो तो यांचाच, कारण मागे लागणारं कोणी नसतं. तुम्ही ऑगस्टमध्ये पुन्हा टेबल लावायला लावलंत. आमच्या मते प्रवेशाच्या सगळ्या धावपळीपेक्षा त्या ऑगस्टच्या टेबलाने जास्त मुलं कॉलेजात टिकतात.

ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, त्या तुमच्या वहीकडे येतो. पाच रकाने: कागद, अर्जाची तारीख, पावती क्रमांक, पुन्हा जायची तारीख, कोण गेलं. शेवटचा रकाना सगळ्यांत हुशारीचा. तिथे सलग तीन वेळा 'वडील' आलं की पुढच्या वेळी मुलीनेच जायचं. तहसीलच्या खिडकीवर अर्ज क्रमांक सांगून 'लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे मुदत संपली, अपील कुठे करायचं?' एवढं एक वाक्य शांतपणे म्हणता आलं, की ती मुलगी निम्मी तयार झाली. 2015 चा हा कायदा भाषणांत कितीदा सांगितला तरी डोक्यात राहत नाही. एकदा वापरला की राहतो. आणि ज्याचा प्रवेश झाला, त्याने पुढच्या वर्षी टेबलावर दोन रविवार द्यायचे, हा अलिखित करार. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि बारावीतला एक, अशी जोडी. वही तेच ठेवतात, वार तेच लावतात, भांडणंही तेच मिटवतात. वेगळं नेतृत्व शिबिर तुम्ही घेतलं नाहीत. टोप्या, बिल्ले, मान्यवर यांचा खर्च वाचला.

तिथून ग्रामसभा फार लांब राहत नाही. अभ्यासिकेला वीज आणि टेबलं हवीत, हा विषय कसा न्यायचा याच्या पायऱ्याही वहीच्या मागच्या पानांवर आहेत. मागणी आधी लेखी, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. मग ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय घ्यायचा, म्हणजे मुख्य सभेत तो नवा वाटत नाही. पैसा कुठल्या शीर्षातून हेही सांगायचं: ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणाला, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी ते. इथेच मुलं फसतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली की सगळे घरी जातात, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ठराव तिथे होतात. म्हणून तहकुबीची पुढची तारीख विचारूनच उठायचं. सूचक, अनुमोदक यांची नावं इतिवृत्तात आली का ते वाचून पाहायचं, कोऱ्या पानावर सही द्यायची नाही. ठरावाची नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज.

फाइलच्या शेवटच्या कप्प्यात तुम्ही नमुना 6 ठेवायला लावायचात, मतदार नोंदणीचा. अर्हतेच्या तारखा आता वर्षात चार आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. मतदार यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत हात वर करून उपयोग नाही. त्याच फाइलमध्ये ती व्हॅलिडिटी असते. राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर तेच प्रमाणपत्र लागतं, आणि निवडून येऊनही ते मुदतीत न दिल्याने पदं गेलेली आहेत. कॉलेजसाठी अकरावीत जुळवलेला कागद एकविसाव्या वर्षी उमेदवारी अर्जाला जोडता येतो, हे तुम्ही कोणाला समजावून सांगितलं नव्हतं. फाइल फेकू नका, एवढंच सांगितलं होतं.

एक बदल केला आहे, तो तुम्हाला कळवायला हवा. वहीत सहावा रकाना वाढवला: 'नूतनीकरण कोण आठवण करणार'. त्यात मुलाचं स्वतःचं नाव चालत नाही, त्याच्या वर्गातल्या दुसऱ्याचं लागतं. तुम्हाला पटेल की नाही ठाऊक नाही. या वर्षीची वही सोबत पाठवत आहोत. लाल पेनाने जिथे खुणा कराल, ती पानं वहीतच राहू द्या, फाडू नका. पुढची जोडी तीच वाचून सुरुवात करते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टेबलांवरचे सगळे