दादरच्या काउंटरवरच्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. तुम्ही जे केलंत ते तुमच्या शेठना रुचेलच असं नाही, आणि माझ्या आभारांपायी तुम्हाला बोलणी बसायला नकोत. रानडे रोडजवळचं चिंचोळं दुकान, बॉटल ग्रीन शालूवर हार शोधणाऱ्या मायलेकी, एवढी खूण तुम्हाला पुरे.

लेकीच्या रिसेप्शनसाठी हिऱ्यांसारखा दिसणारा एकपदरी हार हवा होता. अस्सल हिऱ्यांचा तसा हार लाखांत जातो. आमच्या घरात तो विषयच नव्हता आणि तिचाही तसा हट्ट नव्हता. दहा हजारांच्या आत, अंगावर शोभेल आणि पुढेही वापरता येईल असं काहीतरी, एवढंच मागणं. पण तुमच्याकडे येईपर्यंत काय काय सोसलं! एका मोठ्या शोरूममध्ये आकडा सांगताच समोरच्या माणसाने ट्रे उचलून घेतला आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या बाईंना "या मॅडम, बसा" म्हणाला. दुसरीकडे "कुणाला कळणार नाही, घेऊन टाका" म्हणत टपोऱ्या खड्यांचा हार गळ्यात मारायला निघाले. जरा दाराशी नेऊन उजेडात बघू का, असं विचारलं तर माल बाहेर नेता येत नाही म्हणे. बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्ससारखा हिऱ्यांचा एवढा मोठा बाजार ज्या शहरात आहे, तिथे खड्यांचा हार मागणाऱ्या गिऱ्हाइकाला धड उभंही करत नाहीत. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, राहू दे. मी मोत्यांची माळ घालीन." लग्नघरातल्या मुलीने इतक्या समजूतदारपणे बोलावं याचा मला फार त्रास झाला. अजून होतो.

तुम्ही बजेट आधी विचारलंच नाहीत. ब्लाउजचा गळा केवढा, केस मोकळे की अंबाडा, ते विचारलंत. मग लेकीने नेमका सगळ्यात जास्त झगमगणारा हार उचलला, तेव्हा तुम्ही हात वर करून काउंटरवरचा फोकसचा दिवा बंद केलात आणि म्हणालात, "आता बघा."

ताई, या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे.

दिवा गेला आणि तो हार काचेचा दिसायला लागला. शेजारचा बारीक खड्यांचा हार मात्र साध्या ट्यूबलाइटमध्येही तसाच देखणा राहिला. मग तुम्ही समजावलंत की अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया हा कृत्रिम खडा, अस्सल हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतो. खडा जितका मोठा तितके ते लाल-निळे रंग डोळ्यांत भरतात आणि तिथेच कळून येतं. तीन मिलिमीटरच्या आसपासचा खडा घेतला की तो शांत दिसतो. दुकानातला तो दिवा माल खपावा म्हणूनच लावलेला असतो. तो तुम्ही आपल्या हाताने बंद केलात. दुकान तुमचं नसताना, आणि किती विकलं याचा जाब तुम्हालाच विचारला जात असताना. तेही ज्यांना पुन्हा कधी पाहाल की नाही याची खात्री नाही अशा दोघींसाठी.

पुढचं सगळं त्या विश्वासावर झालं. तुम्ही हार उलटा करून दाखवलात. मागे चंदेरी पत्रा चिकटवलेला नको, आपल्याकडच्या घामाने तो काळा पडतो. खडा डिंकाने बसवलेला नको, चारी बाजूंनी चांदीच्या नखांत धरलेला हवा. मागच्या हुकाजवळ 925 चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीचा, शिक्का हवा. आणि सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे, हा खडा त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा बराच जड असतो, तेव्हा पूर्ण गोल हार घेऊन तासन्‌तास उभं राहण्यापेक्षा पुढे खडे आणि मागे साधी साखळी घ्या, असं म्हणालात. त्याने किंमतही उतरली. तुमची विक्री तेवढी कमी झाली, हे आम्हाला घरी आल्यावर उमगलं.

गिऱ्हाइकाचा मान त्याच्या पाकिटावरून ठरवायचा नाही, ही साधी गोष्ट हल्ली इतकी दुर्मीळ का झाली आहे, कळत नाही. बँकेत, दवाखान्यात, साडीच्या दुकानात, सगळीकडे समोरचा माणूस आधी आलेल्याच्या चपलांकडे बघतो. पण तुमच्यासारखी माणसंही आहेत, पगार तोच, दिवसभर उभं राहणं तेच, तरी खरं बोलणारी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे.

रिसेप्शनला विहीणबाईंनी हार हातात घेऊन पाहिला, छान आहे म्हणाल्या. लेकीने न अडखळता सांगितलं, "अमेरिकन डायमंड आहे, चांदीतला. आईने आणि मी दादरहून आणला." तिचा तो ताठ आवाज मला तुमच्यामुळे ऐकायला मिळाला.

अत्तर मारून झाल्यावरच लेक हार घालते, काढल्यावर मऊ कापडाने पुसून बंद पिशवीत ठेवते, तुम्ही सांगितलंत तसंच. माझ्या पुतणीचं मार्गशीर्षात ठरलं आहे. तिला घेऊन तुमच्याकडेच येणार.

तुमची,
शालूवाल्या मुलीची आई