पेटी विकत घ्यायची की बांधायची?

आरमोरी, मार्गशीर्ष

प्रिय वामन,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे, गोळ्या चालू आहेत, धान घरात येऊन पडले आहे. आज लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते घरात कोणाला सांगून समजणारे नाही. आपल्या स्पीकरच्या मोठ्या पेट्यांपैकी डाव्या पेटीचा वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर, गेला. नानांची वडशाची कॅसेट लावली होती. हार्मोनियमच्या खालच्या सप्तकाला खरखर यायला लागली म्हणून जाळी काढली, आणि वूफरच्या शंकूच्या, म्हणजे कोनाच्या, कडेच्या फोमच्या झालरीला बोट लावताच तिचा काळा, चिकट भुगा बोटाला लागला. उजव्या पेटीची झालर अजून फाटलेली नाही एवढेच. दाबून पाहिली तर तिचीही तीच गत आहे. आपल्याकडचे ऊन आणि पावसाळ्यातली दमट हवा फोमला सोसत नाही, हे तू तेव्हाच म्हणाला होतास. नवी झालर चिकटवून मिळते आणि ती मी बसवणारच आहे. मग त्या पेट्या भजन मंडळाला द्यायच्या आणि घरासाठी नवी जोडी किट, म्हणजे जुळवलेल्या भागांचा संच, आणून स्वतः बांधायची, असे मनात आहे.

अभयचे म्हणणे सरळ आहे. ‘बाबा, सुतारकी पुरे झाली, चांगल्या कंपनीची तयार जोडी घ्या,’ असे म्हणून त्याने पैसेही पाठवले. त्याचे मन मोडवत नाही, म्हणून नागपूरला जाऊन सीताबर्डीवर ऐकून आलो. कॅसेटची फाइल अभयने मोबाइलवर करून दिली होतीच. दुकानदाराने दोन जोड्या लागोपाठ लावल्या आणि महागडी जोडी नेमकी थोड्या मोठ्या आवाजात ऐकवली. मी त्याला आवाज सारखा करायला लावला, कारण दोन-तीन डेसिबलचा फरक असला तरी कानाला मोठा आवाजच चांगला वाटतो. आवाज सारखा झाल्यावर महागड्या जोडीचा अर्धा रुबाब उतरला. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, स्वस्तातली जोडीसुद्धा वाईट नव्हती. नानांच्या गळ्यातली ती किंचित घोगरी धार तिने जशीच्या तशी दिली, खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांची छनछन वेगवेगळी ऐकू आली, आणि मी जागा बदलून भिंतीकडे सरकलो तरी सूर बदलला नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड पेट्या ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा समोरून सपाट आणि बाजूंनीही सुरळीत आवाज देणाऱ्या पेट्याच बहुतेकांनी पसंत केल्या. मोठ्या कंपन्या आज त्याच वाटेने जातात. वरचे सूर काढणाऱ्या ट्विटरभोवतीचा तो ओतीव खळगा त्यासाठीच असतो, आणि तो आपल्या रंध्याने आणि पटाशीने होणारा नाही. लाखांनी माल काढणारा कारखाना कमी किमतीत जे देतो, ते त्याच पैशात घरी होत नाही, हे मी मान्य करतो.

परंतु अभयने पाठवलेली रक्कम स्वस्त जोडीपुरती नाही, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे. किंमत त्या पायरीच्या वर गेली की वाढलेल्या पैशातला मोठा वाटा लाकडाच्या पॉलिशात, खोक्यात, जाहिरातीत, वाहतुकीत आणि दुकानदाराच्या कमिशनमध्ये जातो. कोन, चुंबक आणि कॉइल यांच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये फिरत्या कॉइलचा जो स्पीकर मांडला, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात गणित मांडून दिल्यापासून, वूफरची ठरावीक मापे हाती असली की पेटी किती लिटरची हवी आणि तिच्यातली हवेची नळी किती लांब हवी, हे कागदावर काढता येते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की जो एकच सूर घुमतो, तोच नळीच्या पेटीचा जीव आहे, आणि तो कुठे बसवायचा हे आता कोणाच्या कारखान्यातले गुपित उरलेले नाही.

आता तुझे-माझे जुने भांडण. तू म्हणायचास, आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की ४,२०० हर्ट्झच्या आसपास त्याखालचे सूर अडतात, काम भागले. मी म्हणायचो, ट्विटर काही प्रत्येक सुरावर आठच ओहम राहत नाही, त्याच्या स्वतःच्या अनुनादापाशी हा आकडा फुगतो, त्यामुळे हिशेब कागदावर एक आणि कानाला दुसरा. त्या वादात वहिनींनी आपल्या दोघांचाही चहा बंद केला होता. माझे मत आजही तेच आहे, आणि किट घेण्यामागचे माझे कारणही तेच आहे. चांगल्या किटमध्ये आपण सुटे भाग घेत नाही. कोणीतरी मायक्रोफोन लावून, मोजून, पुन्हा बदलून केलेला क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्विटर यांत सूर वाटून देणारा भाग, घेतो. ज्या किटसोबत मोजणीचे आलेख दिलेले नाहीत, ते मी फुकटही घेणार नाही. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए ही छोटी पेटी आखली आणि तिचे परवाने वेगवेगळ्या कारखान्यांना दिले. निर्माते अनेक, पेटी एकच, आणि नाव झाले ते आराखड्याचे.

दुसरे कारण मी अभयला सांगितले, पण त्याला ते पटलेले दिसत नाही. शेजारच्या गुरुजींनी घेतलेल्या तयार जोडीत अॅम्प्लिफायर पेटीच्या आतच होता. पावसाळ्यात वीज वरखाली झाली आणि आतला बोर्ड जळाला. तो बोर्ड आता येत नाही, नवीन मॉडेल घ्या, असे दुकानातून उत्तर मिळाले. वूफर शाबूत, ट्विटर शाबूत, पेटीला ओरखडा नाही, आणि तरी ती जोडी कोठ्यात धूळ खात पडली आहे. ते पाहून मला फार वाईट वाटले. आपल्या पेटीचा अॅम्प्लिफायर वेगळा, प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला, आणि जळालेला भाग ब्रह्मपुरीतला कोणताही मिस्त्री काढू शकेल असा. इतक्या वर्षांनी केवळ झालर बदलून आपल्या पेट्या पुन्हा वाजणार आहेत, यातच सारे आले.

खर्चाचा मात्र नीट विचार करायला हवा. किट बाहेरून मागवले तर चुंबकाचे वजन विमानभाड्यात भरावे लागते, वर सीमाशुल्क आणि जीएसटी. पेटीच्या फळ्याही मागवल्या तर सगळी बचत वाटेतच संपते. शिवाय त्या फळ्या बहुधा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, असतात, आणि आपल्या पावसाळ्यात एमडीएफची कड फुगते. म्हणून वूफर, ट्विटर आणि क्रॉसओव्हर तेवढे मागवायचे आणि पेटी इथेच १८ मिलिमीटर प्लायची बांधायची, असे मी ठरवत आणले आहे. सागवानाचे नाव पुन्हा काढू नकोस. आलापल्लीचा सागवान दारा-चौकटींना उत्तम, पण सलग फळी उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, सांधे उघडतात, आणि पेटीतून हवा गळायला लागली की खालचा सूर पोकळ होतो. हवे तर वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटवू, तुझेही मन राहील.

सुमीचे लग्न ठरल्याचे कळले, घरातल्या सर्वांना फार आनंद झाला. तारीख लगेच कळव. तुझ्या निवृत्तीचे कागद लागले का, तेही लिही.

शंकरपटाच्या शर्यतींना येशीलच, तेव्हा तुझा लाकूड कोरायचा राउटर घेऊन ये. वूफरचे गोल भोक करवतीने नीट उतरत नाही. त्याआधी एवढे कळव: पेटी आतून वीस बाय चोवीस बाय पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे बारा लिटरची धरली आहे, त्यात नळी आणि आडवा टेकू यांची जागा वाढवायची की तुझ्या मते बारा लिटरांत ती धरलेलीच आहे? तुझे उत्तर आले की मी प्लायचा ताव आणायला नागपूरला जातो आणि अभयलाही तसे कळवतो.

तुझा,
श्रीधर