बॅरल कापायला देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की आपल्या गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या बाजूला वेल्डिंगच्या दुकानांसमोर जुन्या बॅरलांची रांग लागते. कोणाला पन्हळीखाली पाणी धरायचे असते, कोणाला गुरांसाठी मधोमध चिरून डोण्या करायच्या असतात, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना बार्बेक्यूसाठी उभा कापलेला हवा असतो. गेल्या वर्षी मे महिन्यात त्या रांगेत मीही होतो. त्या दिवशी जे झाले ते लिहायला मला वर्ष लागले.

माझे छोटेसे कुळागर आहे. पोफळीच्या रोपांना पाणी साठवायला मी एका भंगारअड्ड्यावरून २०० लिटरचा लोखंडी बॅरल आणला. अड्डेवाला म्हणाला, आतून साफ आहे. मी घरी तो साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, एक दिवस उन्हात ठेवला, बूच घट्ट लावले आणि टेम्पोत घालून ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने विचारले, "भाऊ, आत काय होतं ह्यात?" मी म्हणालो, "काही नाही, रिकामाच आहे."

त्याच्या हाताखालच्या पोराने झाकणाच्या कडेवर ग्राइंडर टेकवला. ठिणग्या उडाल्या, आणि पुढच्याच क्षणी असा आवाज झाला की समोरच्या रस्त्यावरची माणसे धावत आली. झाकण वर उडून छपराचा पत्रा फाडून गेले. पोराचा डावा हात कोपरापर्यंत भाजला, कपाळाची कातडी गेली. दोन महिने तो गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ये-जा करत होता. डाव्या कानाने त्याला अजून नीट ऐकू येत नाही. नंतर आम्ही बॅरल उलटा केला तेव्हा तळाशी, जुन्या रंगाखाली, थिनरच्या लेबलाचा पुसट तुकडा दिसला. अड्ड्यावर कोणीतरी त्यावर निळा रंग फासला होता.

वेल्डिंगवाल्याने विचारायचे ते विचारले होते. खोटे उत्तर मी दिले, तेही खोटे आहे हे ठाऊक नसताना. म्हणून हे पत्र मुख्यतः माझ्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी आहे.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. मला सर्वांत धक्का बसला तो एका साध्या हिशेबाने. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा दीड भागाच्या आसपास झाली की ते मिश्रण पेट घेऊ शकते. २०० लिटरच्या बॅरलात तेवढी वाफ व्हायला चहाचे दोन-तीन चमचे पेट्रोल पुरते. थिनरचीही तीच गत. एवढे तर बॅरलच्या तळाच्या शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली सहज दडून राहते. पाण्याने विसळून ते निघत नाही, कारण तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. वरून ज्योत किंवा कटर लागला की पत्रा तापतो, दडलेले थेंब वाफ होऊन बाहेर येतात आणि ठिणगी तर तिथेच असते. काठोकाठ भरलेल्या बॅरलात निदान हवा नसते. रिकाम्यात हवा आणि वाफ दोन्ही असतात, म्हणून तो अधिक वाईट. मी बूच लावून उन्हात ठेवला होता, म्हणजे आतली वाफ आतच कोंडून ठेवली होती.

"डिझेल काडीने पेटत नाही" हेही मी अनेकांकडून ऐकले. थंड डिझेल चटकन पेटत नाही हे खरे, पण वेल्डिंगच्या रॉडने तापलेल्या पत्र्याला टेकलेले डिझेल थंड राहत नाही. ट्रॉलरच्या, बार्जच्या टाक्यांना गळती लागली की खाऱ्या हवेने गंजलेल्या पत्र्यावर तिथल्या तिथे ठिगळ मारायची सवय आपल्याकडे आहे. तिथे काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. मोटारसायकलच्या गळक्या टाकीचेही तसेच.

गॅस सिलिंडरचा विषय तर आणखी गंभीर आहे. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर संपला, शेगडी विझली, म्हणजे आतला गॅस संपला असे नव्हे, फक्त बाहेर येण्याइतका दाब राहिलेला नसतो. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून झडप उघडून ठेवली तरी तो पुरता निघून जात नाही. जो निघतो तो खाली साचतो, दुकानाच्या जमिनीवर, खड्ड्यात, गटारात पसरतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असले की तो पेटतो. ॲसिटिलीनच्या सिलिंडरात तर सच्छिद्र दगडासारखा भराव आणि ॲसिटोन असते, त्यामुळे तो कधी रिकामा होतच नाही. सिलिंडर कापून शेगडी करू नये, घंटा करू नये, त्याला डाग देऊन झाळूही नये. बाद झालेले सिलिंडर पुन्हा जोडता येणार नाहीत असे चेपून किंवा तुकडे करूनच निकालात काढायचे, असा नियम आहे. मग अख्खे सिलिंडर भंगारात दिसतातच कसे?

कायद्याने हे सगळे फार पूर्वी सांगितले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात, कलम ३७ मध्ये, ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या कोणत्याही टाकीला, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय, वेल्डिंग, डाग किंवा कटिंग करू नये असे स्पष्ट म्हटले होते. "पूर्वी असलेल्या" हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. पण तो कायदा दहा-वीस कामगारांच्या कारखान्यांसाठी लिहिलेला. मालक आणि एक पोरगा एवढ्यावर चालणाऱ्या दुकानात निरीक्षक येत नाही. त्या पोराच्या अपघाताची नोंद इस्पितळाच्या कागदापलीकडे कुठेही झालेली नाही.

कापणे अगदीच टळत नसेल तर काय करावे, हेही सांगतो. आधी आत काय होते ते नक्की कळले पाहिजे. कळत नसेल तर तो बॅरल परत न्यावा. कळले तर सगळी बुचे उघडायची, आत पाण्याची वाफ सोडून तो चांगला तापेपर्यंत धुवायचा, मग काम करायच्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाण्याने भरायचा, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. हवा बाहेर जायला वरचे तोंड उघडे ठेवायचे. मोठ्या टाक्यांत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन भरतात आणि गॅस मोजायच्या यंत्राने तपासतात. नाकावर भरवसा ठेवू नये, ते थोड्याच वेळात वासाला सरावते. आणि हाताशी आहे म्हणून ऑक्सिजनच्या नळीने आत फुंकर घालू नये. कोणी तसे करते असे मी ऐकले तेव्हा अंगावर काटा आला. आग भडकवायलाच ते पुरेसे आहे.

कारखाने व बाष्पक निरीक्षणालय आणि अग्निशामक दलाने चवथीच्या आधी, मखरांची आणि मंडपांची वेल्डिंगची कामे सुरू होतात तेव्हा, म्हापसा, डिचोली, फोंडा अशा ठिकाणी दुकानदारांना एकत्र बोलावून हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. आयटीआयमध्ये शिकलेली मुले थोडीच, बाकीची हाताखाली शिकतात, त्यांच्यापर्यंत कागद पोहोचत नाही. पंचायतींनी भंगारअड्ड्यांना परवाना देताना एवढी अट घालावी की रसायनाचा बॅरल लेबल पुसून, रंग फासून विकायचा नाही.

तो पोरगा आता पुन्हा त्याच दुकानात आहे. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा एका शॅकवाल्याने बॅरल आणला होता. पोराने ग्राइंडर हातात घेतला नाही. बूच उघडून, वाकून, उजवा कान पुढे करत त्याने विचारले, "ह्यात काय होतं, सांगा." शॅकवाल्याला सांगता आले नाही. बॅरल अजून दुकानाबाहेर पडून आहे.

आपला,
एक बागायतदार,
डिचोली